आण्णांच्या अर्जावरची माझी सही

कुणाचं वाईट व्हावं असं मला सहसा वाटत नाही. एका माणसाचं मात्र व्हावं असं मनापासून वाटलं, आणि झालं तेव्हा बरं वाटलं. हे लिहायला संकोच होतोय, पण तसंच होतं.

आण्णा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत. त्यांनी करंजाडेत वन बीएचके घ्यायचं ठरवलं, तेव्हा लोनचं काम करून द्यायला एक एजंट घरी येऊ लागला. आमच्याच तालुक्यातला. एवढ्यावरच आण्णांचा त्याच्यावर विश्वास बसला. लोन मंजूर होत आलं तेव्हा तो म्हणाला, "आण्णा, लोनवर विमा घ्या. उद्या तुम्हाला काही झालं तर उरलेलं लोन विमा कंपनी फेडणार. घर वहिनींचं."

"घर ऱ्हाईल ना पण?" आईने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

मग चहा आला. आण्णांचा कप वेगळा होता. एजंट हसला. "काय आण्णा, शुगर का? आमच्या बापालापण आहे."

पाचच मिनिटांनी अर्ज भरताना त्यानेच विचारलं, "आजार वगैरे काही?"

"काय न्हाय," आण्णा म्हणाले.

ही त्यांची मार्केटातली सवय. टोळीत कमाई सगळ्यांत सारखी वाटली जाते, त्यामुळे एकाचं अंग ढिलं पडलं की त्याचं ओझं बाकीच्यांच्या पाठीवर येतं. तिथे आजार कुणी कबूल करत नाही. आण्णा शुगरची गोळीसुद्धा पाठ फिरवून घेतात. बाहेरच्या माणसाने विचारलं की त्यांच्या तोंडून 'न्हाय' आपोआप निघतं.

एजंटने 'नाही'वर खूण केली. मी हळूच म्हणाले, "पण शुगर आहे ना त्यांना..."

"कुठल्या वर्षाला आहेस तू?"

"सेकंड इयर."

"मग अभ्यास कर. ही आमची लाइन आहे, टेन्शन नको घेऊ. इथे सही कर फक्त. घरात शिकलेली तूच ना?"

खरं सांगते, मला अभिमान वाटला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी न वाचता, छान वळणदार सही केली.

पॉलिसी माझ्या ईमेलवर आली, कारण आण्णांना ईमेल नाही. कॉलेजच्या लायब्ररीत बसून मी ती पहिल्या पानापासून वाचली. शेवटी आमच्या अर्जाची प्रत होती. मधुमेह: नाही. खाली आण्णांची मराठी सही. त्याच्याखाली इंग्रजीत एक वाक्य: या अर्जातला मजकूर मी अर्जदाराला मराठीत समजावून सांगितला आहे व तो त्याला समजला आहे. आणि त्या वाक्याखाली माझी सही.

मी एक ओळसुद्धा समजावून सांगितली नव्हती.

म्हणजे उद्या आण्णांना काही झालं असतं, तर कंपनी म्हणाली असती की आजार लपवला, आणि लपवताना मुलगी साक्षीला होती. घर आईच्या हातून गेलं असतं, ते माझ्या सहीने.

मी एजंटला फोन केला. "अर्ज दुरुस्त करून द्या," म्हणाले.

"अगं, आण्णा काय लगेच मरतायत का?" तो म्हणाला आणि फोन ठेवला. मी मेसेजवर पुन्हा विनवणी केली. त्यावर त्याने रेकॉर्ड करून पाठवलं, "शुगर मला माहीत होती. लिहिली असती तर मेडिकल निघालं असतं, केस लटकली असती. सहीपुरतं बोलावलं तुला, वकील नको बनू."

ते मी तीनदा ऐकलं. पहिल्यांदा रडले. तिसऱ्यांदा ऐकताना मला नुसती दुरुस्ती नको होती. हा माणूस पुन्हा कुणाच्या घरी अर्ज घेऊन बसायला नको होता.

पॉलिसी मिळाल्यावर काही दिवसांत तक्रार करता येते, हे त्याच कागदांत लिहिलं होतं. कंपनीचं ऑफिस बेलापूरला होतं. आण्णा यायला तयार नव्हते. "आपल्या तालुक्याचं पोरगं हाय. त्येच्या पोटावर पाय नको."

"त्याने आईच्या घरावर दिलाय," मी म्हणाले. आण्णांशी मी असं कधी बोलले नव्हते. ते उठले आणि चपला घालून माझ्याबरोबर निघाले.

ऑफिसात तक्रारी घेणाऱ्या मॅडमना मी ते रेकॉर्डिंग ऐकवलं. आवाज मुद्दाम मोठा ठेवला. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली, आणि मला ते आवडलं. मॅडमनी आण्णांना विचारलं, "काका, शुगर आहे?"

आण्णांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "हाय. सहा वरसं झाली."

तपासण्या झाल्या, हप्ता वाढला. नवीन पॉलिसीवर 'मधुमेह: आहे' असं छापून आलं. एजंटचं काम कंपनीने थांबवलं.

मग एका रविवारी तो घरी आला. दाढी वाढलेली, हातात इंग्रजीत टाइप केलेला एक कागद. "ताई, गैरसमज झाला होता एवढंच आहे यात. इथे एक सही कर."

मी खुर्ची ओढून आण्णांच्या समोर बसले. कागदावरची एकेक ओळ वाचली आणि तिचं मराठी करून त्यांना सांगितलं. तक्रार रागाच्या भरात केली. एजंटने सर्व प्रश्न नीट विचारले. त्यास आजाराची कल्पना नव्हती. प्रत्येक ओळीनंतर थांबून विचारलं, "आण्णा, समजलं?"

"समजलं."

एजंट उभाच होता. त्याला बस म्हणायला आई तोंड उघडत होती. मी तिच्याकडे पाहिलं, ती थांबली. मी आणखी सावकाश वाचू लागले.

वाचून झाल्यावर आण्णा म्हणाले, "ह्ये सगळं खोटं हाय की."

"हो."

मी पेनाला टोपण लावलं आणि कागद त्याच्या हातात परत दिला.