माझी आवाज

अंबरीशच्या बँडचं नाव 'तोल'. मदन महालच्या टेकडीवर एका दगडावर दुसरा अवाढव्य दगड तोल सांभाळून बसला आहे, त्याच्यावरून ठेवलेलं. पण जबलपुरात मराठी नाव ठेवणं म्हणजे आपणहून फजितीला आमंत्रण. मागच्या वर्षी एका मंडळाने बॅनरवर 'ढोल' छापलं आणि गिटार बघून लोक कार्यक्रमभर विचारत राहिले की ढोलवाले कधी येणार.

अंबरीश रेल्वेच्या ऑफिसात बाबू. चाळिशी आली तरी गिटार सुटली नाही, म्हणून साहेबही त्याला 'रॉकस्टार' म्हणून हाक मारून फायली देतात. बँडमध्ये त्याच्याखेरीज दोघंच. आतेबहीण प्रणोती गाते आणि अक्षत ड्रम वाजवतो. राइट टाउनमध्ये एका कोचिंग क्लासच्या वर बंटीचा स्टुडिओ आहे. तिथे लग्नाची गाणी आणि निवडणुकीच्या घोषणा रेकॉर्ड होतात. मधल्या रिकाम्या वेळात या तिघांनी वर्षभर रखडत मराठी अल्बम पुरा केला. खालची पोरं घोकंपट्टीला लागली की टेक थांबवायचा, पोरं गप्प झाली की अक्षतला ऑफिसचा फोन यायचा. एकूण काय, नमनालाच घडाभर तेल.

अल्बमचा जीव शेवटच्या गाण्यात होता. अंबरीशची आई विनता एके काळी महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात गायची. माईक बिघडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच, उरली नुसती घरघर. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने कष्टाने विचारलं होतं, "माझी आवाज कुठं हरवली रे?"  अंबरीशने त्या वाक्याचं गाणं केलं.

माझी आवाज कुठं हरवली,
दारात नुसती सावली...

हे गाणं आईला ऐकवायचं, एवढीच त्याची खरी हौस. पण आधी ते जगाने ऐकावं आणि मग आईच्या हातात फोन द्यावा, असा त्याचा बेत होता. इथेच घोड्याने पेंड खाल्ली. पुण्याचा आल्हाद नव्या मराठी गाण्यांचं चॅनल चालवतो आणि त्याला लाखभर लोक ऐकतात. अंबरीशने त्याला गाणं पाठवलं. उत्तर आलं: "चाल सुंदर. पण 'आवाज' पुल्लिंगी आहे. 'माझी आवाज' हे हिंदी झालं. दुरुस्त करून पाठवा, लगेच घेतो."

 चाळीस वर्षं अंबरीशच्या तोंडात रुळलेला शब्द चुकीचा! रागही पुणेकरावर नीट येईना, कारण पुणेकराचं बरोबर होतं. त्याने बँडला तातडीने बोलावलं. अक्षतला बेंगळुरूला नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती. जे काय करायचं ते आजच.

पण शब्द बदलणं म्हणजे शर्टाचं बटण बदलणं नव्हे. 'हरवली'चं 'हरवला' केलं, तर 'सावली' अनाथ झाली. डोकं खाजवून अंबरीशने 'दिवस उगाच मावळला' अशी ओळ जुळवली. ओळीत जीव नव्हता, पण यमक होतं. प्रणोतीने गायलं, "दिवस उगाच मावलला."

"मावळला! ळ, ळ!"

"तेच तर म्हणून राहिली ना मी, मावलला."

पुन्हा टेक. 'ळ' जमला तर 'माझा'चं 'माझी' व्हायचं, 'माझा' जमलं तर 'ळ' घसरायचा. दोन्ही एकदा जमलं तेव्हा खालच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणाचा तरी वाढदिवस होता. अक्षत घड्याळ बघत होता. प्रणोतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, पण मामी तर 'माझी'च म्हणाली होती ना? मग आपण काहून बदलून राहिलो?"

"मामीला काय व्याकरण कळतं!" अंबरीश खेकसला. "लाखभर लोकांसमोर हसं करून घेऊ काय?"

 रडवेल्या तोंडाने प्रणोतीने निर्दोष टेक दिला. बंटीने काचेआडून विचारलं, "भैया, पुराना वाला रखूँ?"

"उडा दे," अंबरीश म्हणाला. त्या 'माझी'ची त्याला शिसारी आली होती.

अक्षत गेला. गाणं चॅनलवर आलं. खाली पहिलीच प्रतिक्रिया होती, 'शुद्ध, निर्मळ मराठी!' अंबरीशने ती दोनदा वाचली आणि संध्याकाळी आईच्या कानाला इयरफोन लावला.

विनताबाईंनी डोळे मिटून ऐकलं. 

"छान आहे," त्या घरघरल्या. "कोणाचा हरवला रे आवाज?"

"तुझाच की, आई. तुझंच वाक्य आहे ते. दवाखान्यातून आल्यावर म्हणाली होतीस बघ."

"मी तर 'माझी' म्हटली होती."

"ते चूक होतं. 'माझा' पाहिजे. पुण्याच्या माणसाने सांगितलं."

"अच्छा." त्यांनी इयरफोन काढून नीट गुंडाळला. "इतके वर्ष चूकच बोलून राहिली मी. कोणी सांगितलं पण नाही."

 अंबरीशने बाहेर जाऊन बंटीला फोन लावला. जुना टेक कुठे तरी, कुठल्या तरी डिस्कवर असेलच. "आपने ही तो बोला था भैया, उडा दो," बंटी म्हणाला. अंबरीशने त्याच्यावर तोंडसुख घेतलं, मग आल्हादला शिव्या घातल्या, मग आपल्याच स्कूटरला लाथ मारली. स्कूटर पडली. ती उचलायलाही जोर लागला.

सकाळी तो चहा घेत बसला होता. टीव्हीवर बातम्या मोठ्याने चालल्या होत्या. विनताबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, थांबल्या, आणि शाळेत उभं केल्यासारख्या सावकाश म्हणाल्या,

"अंबरीश, टीव्हीचा... आवाज... कमी कर."

मग त्याच्याकडे बघून विचारलं, "बरोबर बोलली ना?"