बारा माणसांचा बँड, पाच बोटांत

बँडवाल्याच्या बायकोकडं दागिने कमी अन् किस्से लई! अंगणातून झाडून काढले तरी वाऱ्यासंगं परत घरात येतात.

आमच्या कुरुंद्याच्या बँडचे मास्तर म्हणजे माझे मालक. बारा माणसं होती. मग डीजे आला. कुणी पुण्याला कंपनीत गेलं, कुणी हळद शिजवायला लागलं. उरले मास्तर अन् झांजवाले किसनभावजी. नेमकं तवाच आमच्या शांताचं लग्न ठरलं! मास्तरांनी तिला लहानपणीच शब्द दिलेला, "तुझा नवरदेव आपल्याच बँडवर मांडवात येईल." आता बँड कुठून आणायचा?

मास्तर म्हणाले, "अख्खा बँड पेटीत बसवतो!"

बाजाची पेटी गळ्यात अडकवायची. एका हातानं भाता. म्हणजे बारा माणसांना बोटं उरली पाच!

*

मास्तरांना आपलं ट्रंपेट पाठ. बाकीच्यांचं कोण सांगणार? मीच! वीस वर्षं अंगणात तालीम चालायची अन् मी चुलीपाशी भाकरी थापायची. अक्षर येत न्हाई, पण कोण कुठं काय वाजवायचं ते सगळं डोक्यात. मी तोंडानं वाजवायची, मास्तर पेटीवर धरायचे.

एकदा मी नळावर हंडा भरता भरता नामदेवभावजींचं क्लॅरनेट आठवून राहिले होते, "पींऽ पिपींऽऽ!" शेजारीण पळत जाऊन मारुतीचा अंगारा घेऊन आली. माझ्या कपाळाला लावून म्हणते, "कोण हायेस तू? सोड तिला!"

मी म्हणलं, "आगं, नामदेवभावजी हायेत!"

घागर तिथंच टाकून गेली बिचारी.

*

हेच नामदेवभावजी दिवाळीला पुण्याहून आले. पेटी ऐकायला बसले. मधीच एका जागी मास्तर जरासे थांबले.

"इथं काहून थांबलात, मास्तर?"

मी आतून म्हणलं, "तिथं तुमी तंबाखू थुकत होता!"

"वहिनी, ते बी ध्यानात ठेवलं व्हय?"

*

किसनभावजी मात्र रुसले. "ढोल अंगठ्याला अन् माझी झांज करंगळीला? मी लग्नात खरीच झांज वाजवतो!"

मास्तर म्हणाले, "वाजव की! पेटीसंगं झांज वाजली की लोक म्हणतील, नवरदेव भजनाला चालला!"

*

खरं भांडण निराळंच. किसनभावजींची झांज जन्मभर थोडी उशिरा पडायची. मास्तरांनी पेटीत ती बराबर तालावर बसवली. मी म्हणलं, "होती तशीच ठेवा."

"पोरीच्या लग्नात चूक वाजवू?"

झांज तालावरच ऱ्हायली.

लग्नाच्या दिवशी मारुतीपाशी नवरदेव घोडीवर बसला. घोडी जुनीच, आमच्या बँडसंगं चालून म्हातारी झालेली. मास्तरांनी पेटी धरली. काय वाजवलं! ट्रंपेट, क्लॅरनेट, ढोल, सगळे आले. लोक माना डोलवून राहिले.

घोडी हालंना!

लगाम ओढला, गूळ दाखवला, मामानं मागून ढकललं. न्हाई! मांडवातून भटजी माईकवर ओरडून राहिले, "नवरदेवाला आणा, वेळ टळून राहिली!" पोरं म्हणाली, "डीजे बोलवा!" मास्तरांचा चेहरा पार उतरला.

मी गर्दीतून घुसले. "आवो, किसनभावजींना उशिरा येऊ द्या!"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. पहिल्यापासून धरलं. करंगळी जराशी मागं ठेवली, अन् मग टाकली.

घोडीनं पाय उचलला.

मागं किसनभावजींनी टोपी सरळ केली. "घोडीला कळत होतं, मास्तर! तुमालाच न्हाई!"