पाकटाचा काटा आणि लवंडलेलं गरम पाणी

सगळ्यांना जयभीम, नमस्कार. आधी माफी मागतो. दिवाळीनंतरच्या कोकण सहलीचं लगेच लिहितो असं मी इथं कबूल केलं होतं आणि आता होळी होऊन गेली. दोघातिघांनी खाली विचारलंय, "काका, कुठं गायब?" कुठं गायब होणार! आधी दवाखान्यात होतो आणि नंतर रागात होतो. राग अजून उतरलेला नाही, पण तो उतरायची वाट बघत बसलो तर लिहायचंच राहील. मी सातवी शिकलेला माणूस. वहीत लिहितो, सूनबाई ते कॉम्प्युटरवर उतरवते आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारते. शिव्या तिनं काढून टाकल्यात. जिथं मोकळं वाटेल तिथं आपापली घालून वाचा.

आम्ही तिघं गेलो. मी, माझा दोस्त दत्तोबा आणि त्याचा भाचा सुनील. मी मूळचा कोडोलीचा, दत्तोबा शिवाजी पेठेतला. फौंड्रीत तीस वर्षं आम्ही एका भट्टीपुढं काढली. तो तालमीतला गडी, सत्तरी आली तरी छाती काढून चालतो. फक्त साखर आहे, दोन वेळची गोळी आहे आणि पायांची आग होते. गाडी सुनीलची, मारुती व्हॅन.

निघायच्या आदल्या दिवशी मिसळ खाताना दत्तोबानं अट घातली. "हे बघ, तू सारखा भ्या घालतूस. ब्रेक लागतील का, दरड पडंल का, पाणी पचंल का. ह्या टायमाला भ्यायचा एक शब्द काढलास की तिथल्या तिथं एक बैठक मारायची. लोकं असूदेत न्हायतर नसूदेत."

"गुडघं गेल्यात माझं."

"मग तोंड मिटून बस की."

सुनील पंच झाला. मी हो म्हणालो. पुढचं सगळं त्या एका हो मधून आलं.

सकाळी सहाला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो, पेट्रोल कोल्हापुरातच भरून घ्या. कळ्यापर्यंत रस्ता बरा, पुढं साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरांच्या मागं रांगावं लागतं. एकाला दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही. "हे उलटलं म्हणजे?" असं मी म्हणालो आणि पहिली बैठक साळवणच्या फाट्यावर मारली. एक म्हातारी गवताचा भारा घेऊन उभी होती, ती म्हणाली, "पावणं, नवस हाय व्हय?" दत्तोबा हसून हसून गाडीला टेकला.

गगनबावड्याला धुकं होतं. तिथं गरम भजी खा, चांगली मिळतात. करूळ घाटात वळणं अशी की पोटातली भजी जागा बदलतात. रस्त्याला खड्डे होते, कठडे तीन ठिकाणी तुटलेले. तिथं मी दोन बैठका मारल्या, एक घाटाच्या मध्यावर आणि एक खाली वैभववाडीत उतरल्यावर. त्यानंतर मी गप्प बसायला शिकलो. कधी नव्हे ते शिकलो आणि तेच नेमकं चुकलं.

तळेऱ्याला हायवे लागला, पुढं देवगडच्या अंगाला वळलो. गावाचं नाव मी लिहिलं होतं, पण सूनबाई म्हणाली, लॉजवाला कोर्टात खेचेल. म्हणून काढलं. खाडीच्या तोंडाशी लहान वाडी आहे, एवढंच सांगतो. खोली चारशे रुपये, तिघांत एक, पंखा चालू, नळ ठिबकता. जेवण मात्र उत्तम. बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. दत्तोबा भाकरी मोडत म्हणाला, "रस्सा झ्याक हाय, पण चटणी कोल्हापुरातनं आणाय पायजे हुती."

लॉजवाल्यानं आम्हाला नियम सांगितले. बाटल्या वाळूत टाकू नका. दहानंतर आवाज नको. टॉवेल वाळूत वापरू नका. मी विचारलं, "समुद्रात उतरायला कसं हाय?" तो म्हणाला, "एकदम सेफ. गुडघाभर पाणी लांबपर्यंत. लहान मुलं खेळतात." त्याला माहीत होतं. तिथंच जन्मलेला माणूस, त्याला माहीत नाही असं कसं होईल? टॉवेल सांगायला आठवला आणि पाय सांगायला आठवला नाही.

संध्याकाळी होड्या लागल्या. मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो, जरूर बघा. मी मात्र टाकून दिलेलं बघत होतो. एक फुगलेला मासा वाळूत पडला होता, पोटावर काटे. कावळासुद्धा जवळ जात नव्हता. एक कोळी म्हणाला, "केंड तो. खाल्ल्यान तर माणूस जाता." शेजारी एक जण शेंगाळ्याच्या कल्ल्यामागचे काटे पक्कडीनं मोडून मग मासा टोपलीत टाकत होता. त्याच्या बोटावर जुना पांढरा वण होता. आणि एक पाकट होतं, ताटाएवढं चपटं, पंखांसारखं पसरलेलं. त्याची शेपटी आधीच तोडली होती.

मी विचारलं, "शेपूट का तोडली?"

"काटो असता तिका. इखारी. वाळयेत लपान बसता, पाय पडलो की मारता."

"मग पाण्यात जायचं कसं?"

"पाय घासत जावचा. उचलूचो नाय. घासलास की ता आपसूक पळता."

हे मी ऐकलं. दत्तोबा तेव्हा पन्नास पावलांवर सुनीलबरोबर नारळपाणी पीत होता. त्यानं ऐकलं नाही. रात्री जेवताना सांगावं असं दोनदा मनात आलं. पण ते भीतीचंच बोलणं ठरलं असतं आणि शेजारच्या टेबलावर पुण्याची मंडळी बसली होती. त्यांच्यापुढं बैठक मारायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ओहोटी होती. पाणी गढूळ, कोमट आणि खरंच गुडघाभर. दत्तोबानं धोतर खोचलं आणि आत शिरला. आता त्याची चाल सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल. पंचगंगेत आम्ही फौंड्रीच्या सुट्टीला पायानं मासे धरायचो. गढूळ पाण्यात पाय उंच उचलायचा, सावकाश ठेवायचा आणि तळव्याखाली काही हललं की अंगाचा सगळा भार देऊन दाबायचं. मग खाली वाकून हातानं उचलायचं. दत्तोबा त्यात एक नंबर. मरळीसारखा बुळबुळीत मासा त्यानं असा धरलेला मी बघितलाय. समुद्रात शिरला तोही त्याच चालीनं, बगळ्यासारखा.

माझं तोंड उघडलं होतं. देवाशपथ म्हणायची मला सवय नाही, पण खरं सांगतो, "घास" हा शब्द जिभेवर होता. काठावर पुण्याची मंडळी फोटो काढत होती. मी तोंड मिटलं.

"आरं, घावला की रं!" दत्तोबा ओरडला आणि त्यानं पाय दाबला.

त्यानंतर जे ओरडणं ऐकलं ते मी फौंड्रीत उकळतं लोखंड पायावर सांडलेल्या माणसाचंही ऐकलेलं नाही. सुनीलनं त्याला ओढत बाहेर आणला. करंगळीच्या मागं, घोट्याच्या खाली भोक पडलं होतं. रक्त येत होतं आणि कडेची कातडी पांढरी पडत चालली होती. तालमीतला गडी वाळूत लोळत होता.

आमच्याकडं पायाला काही चावलं की आधी आवळून बांधतात. रानात साप चावला तर हेच करतात, लहानपणापासून बघत आलोय. मी पंचा फाडला आणि पोटरीखाली जोर लावून बांधला. गाठीवर गाठ. माझ्या हातात तेव्हा कुठून ताकद आली कोण जाणे.

तेवढ्यात एक बाई पळत आली. साठीची असेल, काष्टा घातलेला, हाताला खवले चिकटलेले. जाळ्यांच्या शेडमधून आली होती. तिनं जखम बघितली. "पाकटान मारल्यान," म्हणाली, आणि आली तशी परत पळाली. येताना चुलीवरचं पातेलं फडक्यात धरून आणलं, वाफा येत होत्या. मागं एक माणूस घमेलं घेऊन आला. तिनं घमेल्यात पाणी ओतलं, थोडं गार मिसळलं आणि पहिल्यांदा स्वतःचा हात कोपरापर्यंत आत घातला. क्षणभर ठेवला. मग दत्तोबाचा पाय धरायला वाकली. "ता बांधलला सोडा आधी," मला म्हणाली.

मला फक्त वाफ दिसली. दत्तोबाच्या डॉक्टरनं मागं दोन वेळा बजावलं होतं, साखरेचा पाय आहे, गरम पाण्यात घालायचा नाही, भाजलं तरी कळणार नाही. ते सांगताना मी सोबत होतो. दोन दिवस गिळून ठेवलेली सगळी भीती त्या एका वेळी वर आली. मी घमेलं पायानं उडवलं. पाणी वाळूत गेलं, थोडं तिच्या हातावर उडालं.

"आमच्या माणसाला उकडून मारतीस व्हय? मासं उकडायचं सोडून हितं आलीस!" असं मी बोललो. याहून वाईटही बोललो. ते सूनबाईनं काढलंय, पण मी बोललोय.

तिचा माणूस पुढं आला. तिनं त्याला हातानं मागं सारलं. रिकामं पातेलं उचललं आणि शांतपणे म्हणाली, "पाणी परत तापवूक येळ लागतलो. थांबशात तर ठेवतंय."

"काय नगं तुझं! आमी कोल्हापूरला नेतो."

देवगडला डॉक्टर होते, जवळच होते. पण आमचं आपलं ठरलेलं, चांगला डॉक्टर म्हणजे कोल्हापूरचा. लॉजवाला मात्र हिशेबाचा कागद घेऊन दारात हजर होता. "असं कधी होत नाही हो," म्हणाला. त्याला मी काय बोललो तेही काढलंय, पण त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

करूळ घाट चढताना दत्तोबा दात खाऊन बसला होता. प्रत्येक खड्ड्याला मी सरकारला, कंत्राटदाराला, सुनीलला शिव्या देत होतो. गगनबावड्याला थांबून पाय बघितला. बोटं काळीनिळी. मला वाटलं विष चढतंय, म्हणून गाठ आणखी आवळली.

दत्तोबा घामानं निथळत होता. मला म्हणाला, "बाबू, आता बोल की भ्यायचं. बैठक माफ."



कोल्हापुरात डॉक्टरांनी पाय बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कुणी बांधलं?" मी म्हणालो, मी. त्यांनी कात्रीनं गाठ कापली. मग विचारलं, गरम पाण्यात पाय ठेवला होता का? या काट्याचं विष गरम पाण्यानं उतरतं, सोसवेल इतकं गरम, आणि साखरेच्या माणसाचा पाय असेल तर आधी दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघायचं.

"हात घातला हुता तिनं," मी म्हणालो. "कोपरापातूर."

डॉक्टरांना कळलं नाही मी कुणाबद्दल बोलतोय.

काट्याचा तुकडा आत राहिला होता, तो काढला. जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, विष, साखर आणि आवळलेली गाठ, तिन्हींनी मिळून केलं. पौषात करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. दत्तोबा आता काठी घेऊन रंकाळ्यापर्यंत येतो. छाती काढूनच येतो. लोकांना सांगतो, "मासा घावला हुता, ह्यानं सोडाय लावला." मला एका शब्दानं बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, कोकण सुंदर आहे. पाण्यात पाय घासत चाला. होडीतून उतरवलेल्या माशाला हात लावू नका, मेलेल्या शेंगाळ्याचा काटाही लागतो. काही टोचलंच तर बांधू नका, गरम पाणी करा आणि जवळच्या डॉक्टरकडं जा, आपल्या गावच्या नव्हे. आणि सोबतीला माझ्यासारखा भित्रा माणूस असेल तर त्याला बोलू द्या. बडबड सोसवत नसेल तर कानात कापूस घाला, पण त्याचं तोंड बंद करू नका.

मला त्या बाईचं नाव माहीत नाही. विचारलंच नव्हतं. खाडीच्या तोंडाशी, जाळ्यांची शेड, बाहेर चूल, शेजारी उंडीचं मोठं झाड. डाव्या हातावर गरम पाण्याचा डाग उरला असेल तर तो माझा आहे. दत्तोबा म्हणतो, गाडी काढ, जाऊया, मी चालतो. पण ती आम्हाला दारात उभं करेल का, हे मला कळल्याशिवाय पाऊल उचलवत नाही. त्या बाजूला जाणारं कुणी असेल तर खाली लिहा, मी गावाचं नाव वेगळं कळवतो. तिला एवढंच सांगा, की तुमचं पाणी बरोबर होतं, आणि कोल्हापूरचा म्हातारा पाणी परत तापेपर्यंत थांबायला तयार आहे. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं कळवा. शिवी दिली तर शिवी कळवा, सूनबाईला मी ती काढू देणार नाही. पण लवकर कळवा. पाऊस लागला की घाट बंद पडतो, आणि आम्ही दोघंही सत्तरीचे आहोत.