तापली की बंद

आमच्या गावाहून राळेगावच्या कॉलेजात बारावीला जाणाऱ्या आम्ही मोजक्या मुली होतो आणि परतीची एसटी आमच्या वेळेची नव्हती. शेजारच्या काकांनी जुनी पेट्रोल व्हॅन घेतली, म्हणून आमचं शिक्षण चालू राहिलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि त्याबद्दल काकांचे उपकार मी विसरलेले नाही. पण त्याच व्हॅनपायी एकीचं कॉलेज सुटलं.

व्हॅन इंजेक्शनवाली होती. तिच्यात कार्बोरेटर नव्हता. पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवायचा. सकाळी ती झकास चालायची. परतताना इंजिन तापलं की चालता चालता बंद. स्टार्टर नुसता फिरत राहायचा.

मग आम्ही उतरायचो. काका पुढची सीट उचलायचे आणि खाली इंजिनाला जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं गुंडाळायचे. जुन्या पेट्रोल जीपा चालवलेल्या माणसांची ही रीत: उन्हानं नळीत वाफ धरते, नळी थंड केली की गाडी सुरू. आणि अर्ध्या तासानं ती खरंच सुरू व्हायची. आम्ही दप्तरात पाण्याची जादा बाटली ठेवू लागलो.

"काका, अजून टाकू का पाणी?"

"टाक वो माय. बैल असता तं शेपटी पिरगाळली असती. हिचं काय पिरगाळू?"

राळेगावच्या मिस्त्रीनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, टाकीतला पंपही बदलला. पण त्याच्यापुढे गाडी थंड असायची, म्हणून चालायची. "हिच्यात कार्बोरेटरचा स्क्रूच नाही," तो वैतागून म्हणाला, "फिरवू काय? यवतमाळले न्या, तिथं मशीन लावून पाह्यतात."

यवतमाळला जायचं म्हणजे आमचं कॉलेज बुडणार, आणि प्रॅक्टिकल तोंडावर आलेली. काका म्हणाले, "फडक्यानं चालून राह्यली ना? मंग कायले?" आम्हालाही ते पटलं.

माझ्या मैत्रिणीला नर्सिंगला जायचं होतं. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. मजूर लावणं परवडेना, वेचणीला घरचेच हात लागत. तरी तिच्या वडिलांनी तिला कॉलेजात पाठवलं. अट एकच होती, दिवेलागणीच्या आत घरी. आधी उशीर झाला होता तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "आता पुन्हा झाला तं कालेज बंद."

त्या दिवशी गाडी निम्म्या वाटेवर थांबली. फडकं गुंडाळलं, बाटल्या ओतल्या. अर्धा तास गेला, तरी इंजिन घेईना. घाईघाईत ओतलेलं पाणी वायरींवरही गेलं होतं. काका घामाघूम होऊन म्हणाले, "अवो, सायन्सवाल्या ना तुम्ही? पाहा ना जरा!"

पेट्रोल इंजिनाचे चार स्ट्रोक मला पाठ होते, आकृतीही काढता आली असती. मी वाकून त्या वायरींकडे नुसती पाहत राहिले. मैत्रीण इंजिनाकडे पाहतच नव्हती. ती सूर्याकडे पाहत होती. मग ती गावाकडे चालू लागली. आम्हीही तिच्या मागे निघालो.

गावात पोचलो तेव्हा घरोघरी दिवे लागले होते. तिचे वडील ओट्यावर बसलेले. ते ओरडले नाहीत. "जेवून घे," एवढंच म्हणाले. "उद्या वेचणीले लवकर निघाचं आहे."

काकांनी व्हॅन यवतमाळला नेली. इंजिन फिरतंय हे त्या कॉम्प्युटरला कळवणारा एक सेन्सर असतो. तो तापला की गप्प व्हायचा आणि पेट्रोल थांबायचं, निवाला की बोलायचा. गुण त्या अर्ध्या तासाचा होता, फडक्याचा नव्हता. सेन्सर बदलला. काका त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. मीही सोबत होते.

"भाऊ, दोष गाडीचा होता. सापडला. आता उशीर नाही होत."

"असन गाडीचा," तिचे वडील म्हणाले. "पण गाव मले विचारते, गाडीले नाही."

मैत्रिणीनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. आम्ही तो प्यायलो.

त्यानंतर व्हॅन एकदाही बंद पडली नाही. ऊन असतानाच आम्ही गावात शिरायचो. वाटेतल्या शेतात ती कमरेला ओटी बांधून कापूस वेचताना दिसायची. सुरुवातीला आम्ही खिडकीतून हात हलवायचो, तीही हलवायची. पुढे पुढे तिनं वर पाहणं सोडलं, आणि ते शेत जवळ आलं की काका गाडीचा वेग वाढवू लागले.