तळघरातली बाळंतिणीची खोली

लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. माझे सासरे, म्हणजे नाना, हे आणि मी. सासूबाई आधीच गेल्या होत्या. ह्यांची शाळेत मास्तरकी होती. राहायला पत्र्याच्या दोन खोल्या आणि त्यांच्याखाली एक तळघर. नानांचं सरकी-पेंडीचं दुकान चालत होतं तेव्हा तिथं पोती ठेवत. दुकान बंद झाल्यावर तिथं उंदीर, विंचू आणि ओल एवढंच उरलं होतं.

तिसऱ्या वर्षी पौषात अमळनेरहून वन्संचं पत्र आलं. पहिलटकरीण, वैशाखात दिवस भरणार, आणि माहेरी यायचं म्हणत होत्या. मी पत्र वाचलं आणि वर पत्र्याकडे पाहिलं. वैशाखात त्या पत्र्याखाली दुपारी धडधाकट माणसाचा जीव कासावीस होई. तिथं बाळंतीण आणि तान्हं मूल कसं ठेवायचं? दुसऱ्या दिवशी चिमणी घेऊन शिडीवरून तळघरात उतरले. वास असह्य होता, पण गारवा विहिरीसारखा होता. वर येऊन मी नानांना म्हटलं, "वन्संची खोली खाली करू या."

"तळघरात?" नाना म्हणाले. "माझी मुलगी काय सरकीचं पोतं आहे?"

माझे वडील भडगावचे गवंडी. लहानपणी त्यांची भाकरी घेऊन मी कामावर जायची आणि तासन्‌तास तिथंच बसून राहायची. सासरच्या नातेवाइकांत 'गवंड्याची पोर' हा शब्द माझ्यामागे बोलला जाई, तो मला ऐकूही येई. त्या दिवशी मी पहिल्यांदाच तो स्वतःच्या तोंडानं उच्चारला. म्हटलं, "नाना, मी गवंड्याची पोर आहे. मला एकदा करून पाहू द्या." ते 'नको' न म्हणता बाहेर निघून गेले. ह्यांनी ते होकारासारखं धरलं आणि रविवारी गल्लीपलीकडचा गवंडी घेऊन आले.

त्यानं भिंतीवर हात फिरवला. "अक्का, आठे बठ्ठी ओल शे. सिमेंट लावी देऊ."

"सिमेंटनं ओल झाकली जाईल, जाणार नाही," मी म्हटलं. "आधी पाणी कुठून येतं ते बघू."

माझा संशय वरच्या मोरीवर होता. कपड्यांच्या निळीची पुडी बादलीत कालवून ते पाणी मी मोरीत ओतलं. अशा पाच बादल्या ओतल्या आणि आम्ही खाली जाऊन बसलो. गवंडी मनातून हसत असावा. पण दीड-दोन तासांनी उत्तरेच्या भिंतीत, दोन दगडांच्या सांध्यातून, निळी रेघ खाली उतरू लागली. गवंडी उठून उभाच राहिला. "अक्का, तुम्हनं खरं शे," म्हणाला. त्यानंतर कामात त्यानं माझं म्हणणं कधी डावललं नाही.

मोरी मागच्या अंगाला नेली आणि पाणी खापरी नळानं बाहेर काढलं. भिंती सुकायच्या तर वारा हवा होता. त्यासाठी जोतं फोडून गल्लीच्या बाजूला दोन खिडक्या काढायच्या होत्या. इथं मात्र नाना आडवे आले.

"जोत्याला हात लावायचा नाही. घर खाली बसेल."

"आधी वर दगडी तुळई चढवायची, मग खालचे दगड काढायचे. घर बसणार नाही."

"आणि बसलं तर?"

"तर मी खालीच असेन," मी म्हटलं. तो शब्द मी मागे घेतला नाही.

ज्या दिवशी जोतं फोडलं त्या दिवशी नानांनी चहा घेतला नाही. गल्लीत उभे राहून ते भिंतीकडे बघत होते. मी आत, गवंडी बाहेर. एकेक दगड सुटत गेला. वरची तुळई तसूभरही हलली नाही. शेवटचा दगड निघाला तसा उजेडाचा चौकोन थेट आतल्या जमिनीवर पडला, आणि त्या भोकातून वाकून बघणारा नानांचा चेहरा मला दिसला. "लागलं नाही ना कुठं?" एवढंच त्यांनी विचारलं.

फाल्गुनातल्या वाऱ्यानं भिंती खडखडीत वाळल्या. चुना मी स्वतः भिजवून मुरवला, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घातला. गवंड्यानं गिलावा केला, पण खिडक्यांच्या कडा मी माझ्या हातानं थापीनं ओढल्या. शिडी काढून दगडी पायऱ्या बसवल्या. जमिनीवर शहाबादी फरशी आली. त्या फरशीचा एकेक दगड ह्यांनी शाळेतून आल्यावर माझ्याबरोबर वाहिला.

चैत्रात वन्सं आल्या. पायऱ्यांच्या तोंडाशीच थबकल्या. "वहिनी, लहानपणी नाना मला इथं कोंडायची भीती घालायचे हो."

"उतरून तर बघा," मी म्हटलं.

त्या उतरल्या, अनवाणी पाय फरशीवर टेकले आणि तशाच खाली बसल्या. म्हणाल्या, "मी आता वर येत नाही." आणि खरंच, बाळंतपण होईपर्यंत त्या संध्याकाळच्याच काय त्या वर येत.

वैशाखातल्या भर दुपारी मुलगी झाली. बाहेर पत्रे तडतडत होते. नर्सबाई कपाळ पुसत पायऱ्या उतरल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "या दिवसांत एवढी थंड खोली मी कुणाकडे पाहिली नाही. कुणी केली?"

मी काही बोलायच्या आत पायरीवर बसलेले नाना म्हणाले, "सूनबाईंनी. भडगावच्या गवंड्यांची मुलगी आहे ती."

बारशाला माझे वडील आले. बाळाला बघून झाल्यावर त्यांनी भिंतीवर तीन-चार ठिकाणी बोटाच्या पेरानं टकटक केलं, खिडकीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "कडा कुणी ओढल्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "सरळ आहेत." वडिलांनी कामाची याहून जास्त तारीफ केलेली मी कधी ऐकली नव्हती.

वन्सं परत गेल्यावर नानांनी आपली खाट खाली नेली. पुढचे सगळे उन्हाळे त्यांनी तिथंच काढले. हे तिथं पेपर तपासत, मी शिवण घेऊन बसे. पुढच्या माघात पेठेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांना नाना घेऊन आले. त्यांच्याकडेही ओल धरलेलं तळघर होतं. मी नेहमीप्रमाणे चहा ठेवायला आत निघाले, तर नाना म्हणाले, "चहाचं मी बघतो. तू यांच्याशी बोल." मी पदर खोचला, बाहेर आले आणि त्या गृहस्थांना पहिला प्रश्न विचारला, "तुमची मोरी कुठल्या भिंतीला आहे?"