हळदकुंकू वाहिलेलं पिस्तूल

मंडळी, आज इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावाजवळच्या शूटिंग रेंजवर आमचा पार पोपट झाला.

शेजारी घरफोडी झाली तेव्हा नवऱ्याने स्वस्तातलं जुनं पिस्तूल घेतलं. कंपनीने ते बनवणं कधीच बंद केलंय. दसऱ्याला आम्ही हळदकुंकू वाहून त्याची पूजासुद्धा केली. चालवून बघायचं मात्र आज सुचलं!

दोन गोळ्या सुटल्या, तिसरी अडकली. साफ केलं, पुन्हा अडकलं. कुंकू झटकून रेंजवाला म्हणाला, "स्प्रिंग गेलीय. पार्ट्स मिळत नाहीत. यावर भरवसा ठेवू नका."

घरी येताच नवऱ्याने ते परत उशाशी ठेवलं.

"अरे, चालत नाही ना ते?"

"चोराला कुठे माहितीये?"

मला माहितीये ना, यार. तुम्हाला झोप लागली असती?