चोवीस तास उघडं

गोंडपिपरीत माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. दुकानात रोज किती माणसं येतात ते मी एकोणीस वर्षं मोजत आलो आहे. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून ठेवायचा आणि माणूस आला की पेन्सिलीने एक रेघ ओढायची. पूर्वी दिवसाला चाळीसेक रेघा होत. गेल्या दोन वर्षांत त्या बावीस-तेवीसवर आल्या. वीसच्या खाली गेल्या की दुकान बंद करायचं, असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं.

दिवाळीला मुलगी नागपूरहून आली. ती तिकडे संगणकावर काम करते. पुठ्ठा हातात घेऊन ती म्हणाली, "बाबा, लोक आता चौकात विचारत नाई. फोनमध्ये पाहतात. तुम्ही फोनमध्ये नाहीच, तर दिसणार कुठून?"

चार दिवस ती त्याच कामाला बसली. वेबसाइट तयार केली. नकाशावर दुकानाची खूण रस्त्याच्या पलीकडे पडत होती, ती सरकवून बरोबर दारावर आणली. कोणत्या आजारावर काय मिळतं ते लिहिलं. कोणकोणत्या गावांचे लोक येतात ते मला विचारलं. मी त्रेसष्ट गावं सांगितली.

"एवढी गावं? खरंच येतात का सगळे?"

"ज्या गावचा एक तरी माणूस आला तेच सांगितलं."

शेवटी वेळ विचारली. मी म्हणालो, सकाळी नऊ ते एक, दुपारी चार ते आठ.

ती थांबली. "दुपारी कोणी शोधलं तर बंद दुकानं खाली जातात, बाबा. उघडी वर येतात. चोवीस तास टाकू का?"

खोटं लिहायला माझा हात धजत नाही. म्हणून मी त्यावर एक रात्र विचार केला. आमच्याकडे शटर बंद असलं म्हणजे दुकान बंद, असं कोणी धरत नाही. बाजूच्या बोळीतून हँडपंपाजवळून मागे यायचं आणि दारातून "भाऊ" अशी हाक मारायची. मी उठतो, आतून दुकानात जातो, औषध देतो. महिन्याला चार-पाच माणसं अशी येतात. एकालाही मी परत पाठवलेलं नाही. म्हणजे दुकान चोवीस तास उघडंच आहे, असा माझा हिशेब झाला. सकाळी मी तिला टाक म्हणालो.

होळीपर्यंत रेघा एकतीसवर गेल्या. वैनगंगेच्या पलीकडून, आष्टीच्याही पुढून फोन येऊ लागले. त्रेसष्टाची एकोणसत्तर गावं झाली. बायको म्हणाली, "आता पुठ्ठे पुरतील का?" त्या दिवसांत मी जरा हवेत होतो, हे कबूल करतो.

मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे त्या महिन्यात एक वाजल्यानंतर रस्त्यावर कुत्रंही नसतं. मी शटर ओढलं, फोन दुकानातच चार्जिंगला लावला आणि मागे कूलरसमोर आडवा झालो. कूलर जुना आहे, त्याच्या आवाजात बाजूला बोललेलंही ऐकू येत नाही. चारला दुकान उघडलं तेव्हा फोनवर एकाच नंबरचे सात मिस कॉल होते. पहिला एक बावन्नचा, शेवटचा दोन एकतीसचा.

परत लावला, कोणी उचलला नाही. समोरचा पानठेलेवाला ताडपत्रीखालून उठून आला.

"भाऊ, एक माणूस बसून होता तुमच्या पायरीवर. डोक्शाला दुपट्टा बांधून. लई वेळ होता."

"मग तू त्याले मागून आवाज दे म्हणून सांगितलं काऊन नाई?"

"मले वाटलं, माहीत असंन. सगळ्याईले तं माहीत आहे."

त्याच्यावर मी चिडलो नाही. मलाही तसंच वाटलं असतं.

संध्याकाळी पुन्हा लावला तेव्हा त्या माणसाने फोन उचलला. गाव आष्टीच्या पुढचं, चौतीस किलोमीटर. म्हशीचं पोट फुगलं होतं. डॉक्टर दुसऱ्या गावी अडकले होते, त्यांनी फोनवर औषधाचं नाव सांगितलं. याने फोनमध्ये शोधलं, तर माझंच दुकान उघडं दिसलं.

"आता कशी आहे म्हैस?"

"गेली. साडेतीनले."

मग मी, बोलू नये ते बोललो. "मागच्या दारी आवाज द्यायचा होता, भाऊ."

"अनोळखी माणसाच्या घरात कसा शिरू, भाऊ? बायामाणसं असतात. आन् फोन तं उघडंच सांगून राह्यला होता. म्हटलं, आता उघडंल, मग उघडंल."

त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मी आकडे मांडले. एक बावन्नला औषध मिळालं असतं तर पावणेतीनला तो घरी असता. पाऊण तास हातात होता. म्हैस वाचलीच असती असं मी म्हणणार नाही, पोटफुगीचं काही सांगता येत नाही. पण तो पाऊण तास मी झोपून घालवला, त्याला दुसरं नाव नाही.

आठवड्याने नकाशावर दुकानाच्या खुणेखाली त्याचा अभिप्राय आला. एक तारा. "औषध चांगलं असेल. दुकान बंद होतं." मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, यांनी काही घेतलेलंच नाही, तक्रार केली तर काढून टाकतील." मी तिला नको म्हणालो. उलट वेळ बदलायला सांगितली. नऊ ते एक, चार ते आठ. त्याखाली लिहिलं की इतर वेळी बोळीतून मागे येऊन हाक मारा, संकोच करू नका. शटरवरही बाण रंगवला. कूलर आता दुपारी बंद असतो आणि फोन उशाशी असतो. घामाने झोप येत नाही, पण झोपायचंही नसतं.

बाण रंगवून पाच महिने झाले. बाण पाहून मागे आलेला अनोळखी माणूस अजून एकही नाही. जे येतात ते आधीपासूनचेच, त्यांना बाणाची गरज नव्हती. शोधताना दुकान पुन्हा खाली गेलं आहे. काल रेघा एकवीस होत्या.

तो अभिप्राय मात्र सगळ्यात वर दिसतो, कारण उपयोगी वाटला म्हणून बारा जणांनी त्यावर अंगठा दाबला आहे. मुलगी विचारते, एवढे कोण दाबतात. अकरा कोण ते मला माहीत नाही. बारावा मी दाबला.